८ ते १० इंची नळीची संरक्षक कार्बाइन: काडतूस कोणतं आणि नळीच्या तोंडावर काय लावावं?

मध्यममार्गी:

दुमडणाऱ्या दस्त्याची छोटी कार्बाइन ठरवायची आहे. नळी ८ ते १० इंच, ऑप्टिकसकट (नेमाची दुर्बीण/साइट) पण मॅगझिनशिवाय वजन ३ किलोच्या आसपास. बहुतेक काम २५ मीटरच्या आतलं: खोली, जिना, गाडीच्या आसपासची जागा. कधीतरी १०० मीटर, फार तर १५०. परवाना आणि कायद्याची बाजू पाहून झाली आहे, त्यामुळे इथे फक्त तांत्रिक बोलूया.

डोळ्यांसमोर ९×१९ (नेहमीचं ९ मिलिमीटर), .३०० ब्लॅकआउट आणि ५.५६×४५ ही तीन काडतुसं आहेत. प्रश्न असे:

१. इतक्या आखूड नळीत ५.५६ला काही अर्थ उरतो का?
२. सुरुवातीला सप्रेसर (आवाज दाबणारा डबा) नसेल तर .३०० ब्लॅकआउट घेण्यात फायदा आहे का?
३. तोंडावर फ्लॅश हायडर, मझल ब्रेक की आवाज पुढे ढकलणारा डबा? सप्रेसर पुढे नक्की येणार आहे, म्हणून आत्ता असं काय बसवावं की नंतर पुन्हा उघडावं लागणार नाही?

५.७×२८ आणि ४.६×३० मी यादीतून काढली आहेत. ते बरोबर केलं का, हेही सांगा.

लोहकर्म:

तुमचे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात: गोळी नळीतून सुटते त्या क्षणी तिच्या मागे किती दाब शिल्लक आहे. तो दाब म्हणजे गोळीला न मिळालेली ताकद. तीच पुढे भडका, आवाज आणि धूळ बनून बाहेर येते. म्हणून नळीची लांबी पक्की असेल तर काडतूस तिच्यावरून ठरवा, आणि तोंडावरचा भाग काडतुसावरून.

५.५६ मुळात २० इंची नळीसाठी बांधलेलं आहे. केसमध्ये साधारण २५-२६ ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) दारू, तीही तुलनेने सावकाश जळणारी. ६२ ग्रेनची एम८५५ गोळी २० इंची नळीतून साधारण ९४० मीटर प्रति सेकंदाने निघते. १०.३ इंची नळीत तीच ७८०-७९० वर येते आणि ७.५ इंचात ७०० च्या आसपास. एम१९३ आणि एम८५५ या लष्करी गोळ्यांचा परिणाम त्या आत फुटून तुकडे होण्यावर अवलंबून असतो. एम१९३ला त्यासाठी अंदाजे ८२० मीटर प्रति सेकंदाचा वेग लागतो, आणि ७६० च्या खाली ती बहुधा अखंडच राहते. १० इंची नळीतून हा वेग काही थोड्या मीटरांतच संपतो. ७.५ इंची नळीत तो तोंडापाशीही नसतो.

याचा अर्थ ५.५६ बाद असा नाही, लष्करी टोकाची गोळी बाद. कमी वेगालाही उमलणारी बाँडेड (आवरण गाभ्याला चिकटवलेली) किंवा सॉफ्ट पॉइंट (टोकाशी उघडं शिसं असलेली) गोळी घेतली तर १०.३ इंची नळी चांगलं काम देते. ७० ग्रेनच्या वरच्या लांब गोळ्या वापरणार असाल तर नळीचा पीळ १:७ किंवा १:८ (७ किंवा ८ इंचांत एक फेरा) हवा. १० इंचाच्या खाली मात्र ५.५६ घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वेग घटतो तेवढा आवाज घटत नाही, उलट वाढतोच.

.३०० ब्लॅकआउटचं गणित वेगळं. २०११ साली सॅमीची (काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) मान्यता मिळालेलं हे काडतूस .२२३ची केस कापून ३५ मिलिमीटरची करतं आणि तिच्यात .३०८ व्यासाची गोळी बसवतं. बोल्ट तोच, मॅगझिन तेच, फक्त नळी वेगळी. आत १८-२० ग्रेन दारू असते, मॅग्नम पिस्तुलांत वापरतात त्या जातीची, झटपट जळणारी. १२५ ग्रेनची गोळी १६ इंची नळीतून साधारण ६७५ आणि ९ इंचीतून ६१० च्या पुढेमागे जाते. म्हणजे ९ इंचात जवळपास १,५०० जूल हातात. १०.३ इंची ५.५६ साधारण १,२५० देते. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, सप्रेसर नसतानाही फायदा आहे, पण तो सुपरसॉनिक (आवाजापेक्षा वेगवान) गोळीचा. १९० ते २२० ग्रेनच्या सबसॉनिक (आवाजाच्या वेगाखालच्या) गोळ्या ३००-३२० ने जातात आणि ६५०-७०० जूल देतात. त्यांतल्या साध्या ओपन टिप मॅच (अचूक नेमबाजीसाठीच्या) गोळ्या या वेगाला उमलत नाहीत. सबसॉनिक घ्यायचीच तर त्या वेगासाठी बनवलेली उमलणारी तांब्याची गोळी घ्या. सप्रेसर येईपर्यंत तिचा काही उपयोग नाही.

५.७ आणि ४.६ तुम्ही काढलीत ते योग्य. दोन्हींचा जन्म एका मागणीतून झाला: १.६ मिलिमीटर टायटॅनियमचा पत्रा आणि मागे केव्लारचे २० थर, हे क्रिसॅट लक्ष्य ९ मिलिमीटरला भेदता येत नाही, म्हणून काहीतरी नवं हवं. पी९० (नळी २६४ मिलिमीटर) आणि एमपी७ (१८० मिलिमीटर) जेमतेम २ ग्रॅमची गोळी ७१५-७२० ने सोडतात; ऊर्जा ५०० जूलच्या थोडी वर. नाटोनेही दोन्ही काडतुसं प्रमाणित केली आहेत. पण कवचभेदी गोळी खासगी माणसाला सहसा मिळतच नाही, आणि ती काढली की उरतो फक्त हलका धक्का आणि भरपूर मोठं मॅगझिन. आपल्याकडच्या जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइनसाठी एआरडीईने (डीआरडीओची शस्त्र संशोधन संस्था) ५.५६×३० निवडलं त्यामागेही हलक्या कवचभेदी गोळीचाच विचार दिसतो, पण तो सुरक्षा दलांच्या गरजेचा प्रश्न आहे.

पिस्तुली:

९ मिलिमीटरला इथे फारच पटकन बाजूला सारलं जातंय. २५ मीटरच्या आतलं काम असेल तर तिची बाजू ऐकून घ्या.

केसमध्ये दारू ५-६ ग्रेन. ती ८-१० इंचांत जळून संपते. १२४ ग्रेनची गोळी ४ इंची पिस्तुलातून ३५० च्या आसपास, ८ इंची नळीतून ३८० च्या आसपास. पुढे नळी लांबवून फारसं काही मिळत नाही. म्हणजे तुमच्या ८ इंची नळीत हे काडतूस जवळपास पूर्ण वसूल होतं, आणि तोंडाशी उरणारा दाब या तिघांत सर्वांत कमी. बंद खोलीत न बुजता दुसरी गोळी नेमकी मारता येणं हा मोठा गुण आहे. या कार्बाइनला मझल ब्रेकची गरज नाही. आटे झाकणारी टोपी किंवा साधा फ्लॅश हायडर पुरतो.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या.

पहिली, यंत्रणा. स्वस्त ९ मिलिमीटर कार्बाइन साध्या ब्लोबॅकवर (केस दाबाने मागे सरकून बोल्ट ढकलते) चालतात. कुलूप नसल्यामुळे बोल्ट आणि बफरचं (बोल्टमागचं धक्का झेलणारं वजन) वजन मिळून सहाशे ग्रॅमच्या वर ठेवावं लागतं. ते सगळं मागेपुढे आपटतं, आणि म्हणूनच छोट्या काडतुसाच्या मानाने धक्का अनपेक्षितपणे जास्त लागतो. वजन कमी पडलं तर केस दाब उतरण्याआधीच मागे सरकते, तिचं बूड फुगतं, आणि सप्रेसर लावल्यावर इजेक्शनच्या खिडकीतून गॅस थेट तोंडावर येतो. रोलर किंवा रेडियल पद्धतीने उशीर करणारा बोल्ट असेल तर हे बरंच कमी होतं. त्यासाठी जास्त पैसे द्यावे लागले तर द्या.

दुसरी, गोळी. पिस्तुलाच्या वेगासाठी बनवलेली हलकी होलो पॉइंट कार्बाइनमधून जास्त वेगाने गेली की लवकर आणि जास्त उमलते, आणि मग खोल जात नाही. १०% जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच हा मान्य पट्टा आहे. ११५ ग्रेनची +पी (जास्त दाबाची) गोळी कार्बाइनमध्ये घालून त्याच्या खाली येण्यापेक्षा १२४ किंवा १४७ ग्रेन घ्या. १४७ ग्रेन ८ इंची नळीतही ३००-३१० च्या आसपास राहते, म्हणजे सप्रेसरसाठी वेगळी गोळी शोधावी लागत नाही. एमपी५एसडीवरून (अंगभूत सप्रेसर असलेली ९ मिलिमीटर सबमशीनगन) निष्कर्ष काढू नका. तिच्या नळीला ३० छिद्रं आहेत, साधी सुपरसॉनिक गोळीच आवाजाच्या वेगाखाली यावी म्हणून. तिच्यात जड सबसॉनिक घातली तर वेग नको इतका पडतो.

१५० मीटर मात्र ९ मिलिमीटरचं अंतर नाही, हे मान्य.

आटेपाना:

आता तोंडावरच्या भागाबद्दल. भडका का होतो ते आधी पाहू. नळीतून गोळीमागे जो वायू येतो त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतात, अर्धवट जळलेले. बाहेरच्या हवेशी मिसळून ते पुन्हा पेट घेतात, तोच अंधारात दिसणारा मोठा भडका. फ्लॅश हायडर त्या वायूचा झोत फोडून पसरवतो आणि पेटायला लागणारी परिस्थिती बनूच देत नाही. लांब, उघड्या दाती असलेले तीन-चार दात्यांचे हायडर यात सर्वांत चांगले. ए२ पिंजरा (एम१६ए२ रायफलीवरचा हायडर) खालून बंद असतो म्हणून आडवं पडून मारताना धूळ कमी उडते, भडक्यावरही ठीक काम करतो.

ब्रेक उलट करतो. वायू बाजूला आणि थोडा मागे वळवून धक्का कमी करतो, पण हवेत मिसळायला मदत करून भडका वाढवतो. बाजूला उभ्या माणसाच्या कानाचं आणि भिंतीजवळ तुमच्या स्वतःच्या कानाचंही नुकसान करतो. छोट्या नळीच्या ५.५६वर खोलीत ब्रेक वापरू नका. .३०० ब्लॅकआउटचा धक्का मुळात इतका नाही की ब्रेक लागावा.

आवाज पुढे ढकलणारा डबा आवाज कमी करत नाही, फक्त दिशा बदलतो. शेजारी आणि तुम्हाला तो बरा वाटतो, मायक्रोफोन समोर ठेवला तर फरक कळतो. हँडगार्डच्या (नळीभोवतीचं हात धरायचं आवरण) आत तोंड येणार असेल तर मात्र हाच एक पर्याय. ब्रेक हँडगार्डच्या आत अजिबात नको, वायू थेट आधाराच्या हातावर येतो. एकेएस-७४यूचा (आखूड कलाश्निकोव्ह) डबा बघून कुणी त्याला निव्वळ हायडर समजू नये. तिथला फुगीर कक्ष गॅस यंत्रणेला दाब पुरवतो, तो काढला की बंदूक नीट चालत नाही.

तुमचं उत्तर: सप्रेसर कोणत्या माउंटवर बसणार ते आत्ता ठरवा आणि त्याच जातीचा हायडर बसवा. एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ब्रेक पद्धतीचं माउंट सप्रेसरच्या आत पहिल्या पडद्याची (वायू अडवणारी छिद्राची चकती) झीज स्वतःवर घेतं. १० इंची ५.५६ असेल तर सप्रेसर लावलेलाच राहणार या अटीवर ब्रेक माउंटचा विचार करा. .३०० किंवा ९ मिलिमीटरला तो प्रश्न येत नाही. शिवाय सप्रेसर बनवणारा किमान नळीलांबी देतो, ती काडतुसानुसार वेगळी असते. विकत घेण्याआधी वाचा.

बसवताना चुका इथे होतात:

आटे. ५.५६ला सहसा १/२×२८, .३०० आणि ७.६२ला ५/८×२४. ९ मिलिमीटरला बऱ्याचदा १/२×२८, कधी १/२×३६, आणि युरोपी बंदुकांवर एम१३.५×१ डावे आटे. धोका पहिल्यात आहे: ५.५६चा आणि ९ मिलिमीटरचा आटा सारखाच, त्यामुळे ५.५६चा हायडर ९ मिलिमीटरच्या नळीवर सुरळीत बसतो. त्याचं छिद्र ७ मिलिमीटरच्या आसपास, गोळी ९ मिलिमीटरची. पुढे काय होतं ते सांगायला नको. भागावर कोरलेलं कॅलिबर वाचा, नसेल तर कॅलिपरने छिद्र मोजा.

वॉशर. साधा हायडर क्रश वॉशरवर (आवळताना चेपणारी चकती) चालतो. सप्रेसरचं माउंट क्रश वॉशरवर कधीच नाही. तो एका बाजूला जास्त चेपतो, माउंट किंचित तिरकं बसतं आणि गोळी पडद्याला घासते. माउंटला सपाट शिम (पातळ चकती) किंवा नळीचा थेट खांदा, एवढंच. खांदा पुसून कोरडा करा, धातूची उरलेली कोर नाही हे बघा.

पकड. नळी व्हाइसमध्ये पकडा किंवा आतून धरणारा रॉड वापरा. रिसीव्हर पकडून वरून पाना फिरवला तर नळीची सूचक पिन रिसीव्हरची खाच खाते. ताण २७ ते ४० न्यूटन-मीटर, उत्पादकाने वेगळा दिला असेल तर तो.

चिकट द्रव्य. निळ्या रंगाचं नेहमीचं थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरणारं चिकट द्रव्य) साधारण १५० अंशांच्या पुढे मऊ पडतं. तोंडाशी तापमान त्याहून सहज वर जातं. उच्च तापमानाचं सिरॅमिक द्रव्य लावा आणि २४ तास हात लावू नका. काढायचं झालं तर ते गरम पाण्यात भिजवून सुटतं, उष्णता द्यावी लागत नाही.

शेवटी तपासणी. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, सप्रेसर लावून, कॅलिबरचा सरळ तपासणी रॉड चेंबरकडून घाला आणि पुढून पाहा. छिद्राभोवतीचं अंतर चारी बाजूंनी सारखं दिसलं पाहिजे. एकीकडे टेकत असेल तर गोळी झाडू नका, खोलून शिम बदला.

मध्यममार्गी:

सविस्तर सांगितल्याबद्दल सगळ्यांचे आभार. कल .३०० ब्लॅकआउट, ९ इंची नळी, माउंट असलेला हायडर, याकडे झुकतोय. एक शंका राहिली. सबसॉनिक गोळी सप्रेसरशिवाय बोल्ट पूर्ण मागे नेत नाही असं वाचलं. आणि सप्रेसरसह सुपरसॉनिकमध्ये उलटी तक्रार. एकाच बंदुकीत दोन्ही कसं जमवायचं?

गॅसब्लॉक:

जमतं, पण तडजोड समजून घेऊन. सबसॉनिकमध्ये दारू सुपरसॉनिकच्या साधारण निम्मी असते, त्यामुळे गॅस कमी आणि दाबही लवकर उतरतो. पहिली अट म्हणून पिस्तूल लांबीची गॅस यंत्रणा (नळीच्या मुळाजवळून गॅस घेणारी) घ्या, कार्बाइन लांबीची नको. दुसरी, ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक (बोल्टकडे जाणारा गॅस कमी-जास्त करणारा भाग), आणि तोही हँडगार्ड न काढता फिरवता येईल असा.

लावण्याची पद्धत: मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. गॅस बंद करून सुरुवात करा, दर वेळी एक क्लिक उघडा. गोळी झाडल्यावर बोल्ट मागे अडकतो का, हे बघायचं. सलग पाच वेळा अडकला की तो तळ समजा आणि वर एक किंवा दोन क्लिक जास्त द्या, मळ आणि थंडीसाठी. हे सगळ्यात कमकुवत जोडीवर करा, म्हणजे सप्रेसरशिवाय सबसॉनिक, पण तेव्हाच जेव्हा ती जोडी खरंच वापरायची असेल. बहुतेकांना तिची गरज नसते. तुमच्यासाठी माझा सल्ला असा: सप्रेसरसह सबसॉनिक आणि सप्रेसरशिवाय सुपरसॉनिक या दोन जोड्यांवर दोन क्लिक निश्चित करा आणि ते लिहून ठेवा.

सप्रेसर लावल्यावर दाब नळीत जास्त वेळ राहतो, बोल्ट लवकर उघडतो. केस अजून चेंबरला चिकटलेली असताना एक्स्ट्रॅक्टर तिची कड ओढतो. कडेवर ओरखडे, तुटकी कड, किंवा बोल्ट इतका वेगात की मॅगझिन पुढचं काडतूस वर आणायच्या आत निघून जातो. शेवटचं लक्षण लोक मॅगझिनवर ढकलतात. उपाय आधी गॅस कमी करणं, मग बफर. साधा कार्बाइन बफर ३ औंसाचा असतो. एच २ हा त्याहून जड बफर साडेचारच्या वर. थेट जड बफर घालून गॅस तसाच ठेवला तर फक्त लक्षण झाकलं जातं. दस्ता दुमडणारा असेल तर बऱ्याच रचनांत बफर नळीच नसते, मग सगळं गॅसवरच सांभाळावं लागतं, हेही ध्यानात घ्या.

केस कुठे उडते यावरून अंदाज येतो, पुढे उडत असेल तर गॅस जास्त, पाठीमागे ढेपाळत असेल तर कमी. पण केस डिफ्लेक्टरवर कशी आदळते यानेही दिशा बदलते, म्हणून बोल्ट अडकण्याची चाचणी मुख्य माना.

मॅगझिनबद्दल एक. ५.५६च्या काही मॅगझिनमध्ये आतून कडा असतात, त्या .३०० च्या जाड गोळीच्या खांद्याला लागतात आणि २२० ग्रेनच्या गोळ्यांची तोंडं खाली झुकतात. .३०० साठी बनवलेलं मॅगझिन घ्या.

लोहकर्म:

त्याच्यात भर घालतो, कारण ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. .३०० ब्लॅकआउट आणि .२२३/५.५६ दोन्ही घरात असतील तर मॅगझिनं, डबे आणि बंदुका पूर्ण वेगळ्या ठेवा. ११० ग्रेनसारखी आखूड गोळी असलेलं .३०० काडतूस ५.५६च्या चेंबरमध्ये जातं, बोल्ट गोळीला केसमध्ये आत ढकलतो आणि बंद होतो. मग .३०८ ची गोळी .२२४ च्या नळीत घुसत नाही आणि रिसीव्हर फुटतो. मॅगझिनवर रंगीत पट्टा, बंदुकीच्या धूळझाकणावर कॅलिबर, आणि एका सरावाच्या जागी एका वेळी एकच कॅलिबर.

नेम लावण्याबद्दल: ऑप्टिक नळीपेक्षा साधारण ६६ मिलिमीटर वर असतो, म्हणून ५-७ मीटरवर गोळी नेमापेक्षा जवळपास ५-६ सेंटिमीटर खाली लागते. सुपरसॉनिक १२५ ग्रेन ५० मीटरला शून्य केली (म्हणजे नेम आणि गोळी तिथे जुळवली) तर १०० मीटरलाही जवळपास तिथेच लागते. त्याच शून्यावर २२० ग्रेन सबसॉनिक ५० मीटरला साधारण १० सेंटिमीटर आणि १०० मीटरला ३८ सेंटिमीटर खाली जाते. सप्रेसर लावल्यावर शून्य पुन्हा तपासा, तो नळीच्या टोकाचं वजन आणि कंप दोन्ही बदलतो.

आटेपाना:

कानाचं राहिलं. छोट्या नळीची ५.५६ १६० डेसिबलच्या वर जाते. सप्रेसर २५-३० कमी करतो, म्हणजे १३० च्या वरच राहतो. १४० ही क्षणिक आवाजाची सर्वमान्य धोक्याची रेषा आहे. गॅस खिडकीतूनही येत असल्यामुळे झाडणाऱ्याच्या कानाशी आकडा तोंडाजवळच्या मोजमापापेक्षा जास्त असू शकतो. सरावात प्लग आणि वर मफ, दोन्ही. थंड सप्रेसरमधली पहिली गोळी जास्त मोठी वाजते, आत ऑक्सिजन असतो म्हणून. तो बिघाड समजून माउंट खोलू नका.

९ इंची नळीवर हँडगार्डच्या पुढच्या टोकाला हँड स्टॉप (हात पुढे जाऊ न देणारा खुंट) नक्की लावा. आधाराचा हात घाईत पुढे घसरून तोंडासमोर येऊ शकतो. आणि थेट आट्यावर बसणारा सप्रेसर घेतलात तर दर मॅगझिननंतर जाड हातमोज्याने पकडून घट्ट आहे का बघा. गरम झाला की तो सैल होतो, आणि अर्धा फेरा सैल झालेला सप्रेसर पुढच्या गोळीला पडदा समोर धरतो.